निवडलेले आणि राहिलेले

आपल्या शाळेत पाचवीच्या वर्गात दरवर्षी एक प्रसंग घडतो. वर्गातील काही मुले नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेस बसतात. निकाल लागला की एखाद्याचे नाव यादीत येते, आणि जूनमध्ये सहावीच्या वर्गात त्याची जागा रिकामी दिसते. गोव्यात पाचवी ही माध्यमिक शाळेची पहिली पायरी. म्हणजे मूल आपल्याकडे येते न येते तोच हुशार म्हणून निवडले जाते आणि निघून जाते. 'मग त्या परीक्षेची तयारी आपण का करून घ्यावी?' असा प्रश्न पालकांच्या सभेत विचारला गेला. त्याचे उत्तर देण्याचा येथे विचार आहे.

निवडक मुलांसाठी सरकारी शाळा ही कल्पना गोव्याला नवी नाही. पोर्तुगीज सरकारने १८५४ साली पणजीस लिसेव स्थापन केले. तेथील शिक्षण पोर्तुगीज भाषेतून होते. पेडणे, डिचोली, सत्तरी हे नव्या काबिजादीचे तालुके. येथील मुलांना ते दार दोन्ही अर्थांनी दूर होते, अंतराने आणि भाषेनेही. आपल्याकडे मराठी अक्षर टिकले ते देवळाच्या मंडपात आणि कोणाच्या तरी ओसरीवर. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढे आपल्याच पेडण्याचे भाऊसाहेब बांदोडकर १९६३ साली पहिले मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. शाळा हा थोड्यांचा मान नसून सर्वांचा हक्क आहे, हा धडा आपण तेव्हा शिकलो.

नवोदय विद्यालयांची योजना त्यानंतरची. १९८५-८६ साली हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिली दोन विद्यालये प्रयोगादाखल निघाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने योजनेला देशव्यापी रूप दिले. आज अशी सहाशेंहून अधिक विद्यालये आहेत. उत्तर गोव्याचे विद्यालय सत्तरीत वाळपईजवळ आहे, दक्षिणेचे काणकोणात. लिसेवपेक्षा येथील रीत निराळी. परीक्षा मराठीतूनही देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी राखलेल्या असतात. निवास, भोजन, गणवेश, पुस्तके यांचा भार पालकांवर पडत नाही. नववीपासून काही विद्यार्थ्यांना माफक विकासनिधी द्यावा लागतो, इतकेच.

तेथील जीवनही समजून घेण्याजोगे आहे. पहाटे उठून कवायत, दिवसा वर्ग, सायंकाळी खेळ आणि रात्री शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यास. अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशा नावांच्या गटांत मुले वाटलेली असतात. आपले अंथरूण आपण आवरावे आणि आपले ताट आपण धुवावे, हे तेथे वेगळे शिकवावे लागत नाही. नववीत काही मुलांनी वर्षभर दुसऱ्या भाषाप्रांतातील विद्यालयात राहावे, अशीही योजना आहे. परंतु ज्या वयात मूल आईजवळ झोपते, त्याच वयात हे सारे सुरू होते. म्हणून माझे पालकांना सांगणे असे, की घराण्याच्या मानासाठी मुलाला पाठवू नये. त्याचे मन विचारावे आणि मगच अर्ज भरावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हुशार मूल गेल्याने आपली शाळा उणी होते हे खरे. परंतु शाळा ही मुलाची मालक नव्हे. त्याला अधिक चांगले स्थान मिळत असेल तर त्याची वाट अडवणे हा शिक्षकाचा धर्म नाही. तयारी आपण करून घेतलीच पाहिजे.

माझी खरी चिंता जाणाऱ्यांची नसून राहणाऱ्यांची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याची निवड झाली. मी प्रार्थनेच्या वेळी त्याचे भरभरून कौतुक केले. त्याच परीक्षेस बसलेली एक मुलगी त्यानंतर कित्येक दिवस वर्गात हात वर करीना. तिला मी एक शब्दही बोललो नव्हतो. ती चूक माझी होती. पाच तालुक्यांच्या जिल्ह्यातून जास्तीत जास्त ८० मुले घ्यायची, तर पुष्कळ गुणी मुले बाहेर राहणारच. दोन तासांच्या त्या परीक्षेत बुद्धिमत्ता, अंकगणित आणि भाषा पाहिली जाते. गोड गळा, चिकाटी, हातातील कला आणि सचोटी पाहिली जात नाही. शेतकऱ्याला विचारा. तरवा उपटून दुसऱ्या खाचरात लावतात. पण मूळ वाफ्यात राहिलेली रोपे तो टाकून देत नाही. त्यांनाही जागा करून देतो, आणि दसऱ्याच्या सुमारास तीही लोंबीला येतात.

म्हणून दोन सूचना मांडतो. आसपासच्या शाळांना वाट दाखवावी हा नवोदय विद्यालयांचा एक हेतू आहे. तेव्हा वर्षातून एखादा दिवस तेथील प्रयोगशाळा आपल्या मुलांना पाहू द्यावी, विज्ञानमेळा आणि खेळ एकत्र व्हावेत, अशी विनंती आपण करावी. दुसरी सूचना आपल्यासाठी. रात्रीच्या अभ्यासाची सोय तेथे आहे म्हणून ती मुले पुढे जातात, असे आपण म्हणतो. मग आपले ग्रंथालय सायंकाळी दोन तास उघडे ठेवण्यास कोणाची हरकत आहे? शिक्षकांनी पाळीपाळीने बसावे. सुरुवात मी करीन.

जाणाऱ्या मुलांनो, सुखाने जा, मात्र या वार्षिकासाठी मराठीतून चार ओळी लिहून धाडीत जा. आणि राहिलेल्या मुलांनो, तुम्ही मागे राहिलेले नाही. ही शाळा तुमची आहे, आणि ती चांगली करणे आपल्याच हाती आहे.