नाव एक, मुळी दुसरी

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीस बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे मूत्रपिंडतज्ज्ञांकडे अशा स्त्रिया येऊ लागल्या, ज्यांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होत होती. चौकशीत समान दुवा सापडला. सर्वजणींनी वजन कमी करण्यासाठी एकाच दवाखान्यातून चिनी वनौषधींच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्यांत ‘हान फांगजी’ हे मूळ असायला हवे होते. प्रत्यक्षात होते ‘ग्वांग फांगजी’. नावात एका शब्दाचा फरक, पण वनस्पती पूर्णपणे वेगळी. या दुसऱ्या मुळीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते. ते मूत्रपिंड कायमचे बिघडवते आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवते. शंभरहून अधिक जणांना बाधा झाली. कर्करोगाच्या धास्तीने ज्यांची निकामी मूत्रपिंडे काढून टाकली, अशा ३९ रुग्णांपैकी १८ जणांत तो कर्करोग आढळलाच.

त्यानंतर कायदे हलले. ब्रिटनने १९९९ मध्ये या वनस्पतींवर बंदी घातली, अमेरिकेने २००१ मध्ये आयात रोखली, २००३ मध्ये तैवानने बंदी आणली. खुद्द चीनने २००३ मध्ये ‘ग्वान मुतोंग’ आणि २००४ मध्ये ‘ग्वांग फांगजी’ अधिकृत औषधांतून वगळली. त्यामुळे ‘पाश्चात्त्यांना पारंपरिक औषधांचे वावडे आहे’ हा आक्षेप इथे टिकत नाही.

मात्र प्रत्येक वनस्पतीला एकच न्याय लावता येत नाही. ‘मा हुआंग’ म्हणजे एफेड्रा चीनमध्ये दमा-खोकल्यासाठी शतकानुशतके वापरात आहे. अमेरिकेत तीच वनस्पती वजन घटवण्याच्या आणि व्यायामपटूंच्या गोळ्यांत आली. रक्तदाब वाढणे, हृदयविकाराचे झटके, पक्षाघात अशा तक्रारी साचल्या आणि २००४ मध्ये तेथील औषध प्रशासनाने पूरक आहारातील एफेड्रावर बंदी घातली. पारंपरिक चिनी वैद्यकातील वापर मात्र या बंदीतून वगळला. दम्याच्या रुग्णाला वैद्याने मोजून दिलेली मात्रा आणि दुकानातून उचललेली ‘ताकदीची गोळी’ यांतला फरक कायद्याने ओळखला, हे योग्यच झाले.

याहून नेटकी व्यवस्था हाँगकाँगची आहे. तेथील १९९९च्या चिनी वैद्यक कायद्यात ३१ तीव्र व विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे. ती नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कच्चा बचनाग त्यांतलाच. बचनागाचे विष हृदयाची लय बिघडवते. नीट उकळून प्रक्रिया केल्यास ते बरेच कमी होते.

हा बचनाग आयुर्वेदालाही परका नाही. तो ‘वत्सनाभ’ म्हणून शोधन करूनच वापरण्याचा दंडक आहे. भारतातील औषध नियमांतही विषारी द्रव्यांचे ‘ई-१’ हे परिशिष्ट आहे आणि अशा औषधांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना बंधनकारक आहे. पण ही सूचना पोहोचते ती कारखान्यातून आलेल्या बाटलीवर. काष्ठौषधींच्या दुकानातील कागदी पुडीवर ना शास्त्रीय नाव असते, ना इशारा. आपल्याकडची सापसन, म्हणजे ईश्वरी, अ‍ॅरिस्टोलोकियाच्याच कुळातली आहे आणि तिच्यातही तेच आम्ल असते. ‘सर्पदंशावर गुणकारी’ या ख्यातीपायी ती आजही वापरली जाते, हे मूत्रपिंडाला कसे कळावे?

म्हणूनच नुसती बंदी पुरेशी नाही. ब्रुसेल्समध्ये जे घडले ते औषध मान्य असताना घडले. चुकली ती ओळख. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वनौषधीवर तिचे शास्त्रीय नाव व वापरलेला भाग छापणे, कच्चा माल कारखान्यात शिरण्यापूर्वी तपासणे आणि तीव्र द्रव्ये चिठ्ठीवरच देणे, एवढे तरी सक्तीचे व्हायला हवे.

रुग्णांचाही वाटा आहे. काढा, चूर्ण किंवा ‘परदेशी हर्बल’ गोळी घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगावे, शक्य तर पुडी वा डबी सोबत न्यावी. डॉक्टरांनीही ते न रागावता विचारावे, कारण ओरडा बसेल या भीतीने रुग्ण गप्प राहतो आणि निदानाला उशीर होतो. निकामी झालेले मूत्रपिंड मग कोणत्याच पॅथीच्या हाती उरत नाही.