पाच ठिकाणी सापडलं म्हणजे खरं झालं का?



प्रकल्पवहीच्या शेवटी ‘संदर्भ’ असा मथळा आणि त्याखाली पाच-सहा संकेतस्थळांची नावं दिसली की आपण पूर्ण गुण देऊन मोकळे होतो. माझं स्पष्ट मत आहे, की ही सवय मोडायला हवी. संदर्भ किती आहेत हे मोजून काही कळत नाही. तो संदर्भ मूळ नोंदीपर्यंत नेतो का, हे बघायला हवं. यासाठी एक उदाहरण घेऊ या. ते जरा लांबचं आहे, पण फार बोलकं आहे: कॅनडातल्या फ्रेंच भाषिकांच्या वंशावळी.

मूळ नोंद कुठे असते?

सतराव्या शतकात फ्रान्समधून क्यूबेकला जाऊन वसलेले लोक बहुतेक कॅथलिक. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद पाद्री चर्चच्या वहीत करत. लग्नाच्या नोंदीत सहसा वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आणि बाईचं नाव लग्नानंतरही माहेरच्या आडनावानेच लिहिलं जातं. त्यामुळे एका लग्नावरून आईवडिलांच्या लग्नावर, तिथून आजी-आजोबांच्या लग्नावर, असं पायरी पायरीने मागे जाता येतं. वहीची एक प्रत चर्चमध्ये आणि दुसरी न्यायालयाकडे जाई. १९४० च्या दशकात द्रुएँ संस्थेने मुख्यतः या दुसऱ्या प्रतींची मायक्रोफिल्म काढली. आज त्या पानांची चित्रं संगणकावर बघता येतात.

पण मूळ नोंद म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. १६४० साली क्यूबेकचं चर्च जळालं, वह्याही जळाल्या. आधीच्या नोंदी लोकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहून काढल्या. दुसरेपणाच्या लग्नात बरेचदा आईवडिलांऐवजी मृत जोडीदाराचंच नाव लिहिलेलं असतं. बाप्तिस्मा जन्मानंतर लगेच होई, म्हणून ती तारीख भरवशाची. दफनाच्या नोंदीतलं वय मात्र मागे राहिलेल्यांनी अंदाजाने सांगितलेलं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेले किती आजी-आजोबा आहेत, आठवून बघा! दाखला अस्सल, सही-शिक्का अस्सल, पण तारीख सोयीची. कागद खरा असला तरी त्यातली प्रत्येक गोष्ट सारख्याच वजनाची नसते.

ग्रंथ आणि त्यांच्या चुका

सिप्रियँ तांगे नावाच्या पाद्र्याने या वह्या चाळून १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशावळी कोश प्रसिद्ध केला. ना फोटोकॉपी, ना संगणक, सगळं हाताने. साहजिकच चुका राहिल्या: नोंदी निसटल्या, एकाच नावाच्या दोन माणसांची गल्लत झाली. त्यात तिथे ‘दी’ नावांची पद्धत. मिव्हिल दी देशेन म्हणजे ‘देशेन म्हणवणारे मिव्हिल’. पुढच्या पिढीत कुणी मिव्हिल राहिला, कुणी देशेन झाला. गोंधळ होणारच.

पुढे १९५७ पासून आर्थर लबफ यांनी तांगेंच्या कोशाला दुरुस्त्यांची पुरवणी काढली. १९८३ साली रेने जेते यांचा १७३० पर्यंतच्या कुटुंबांचा कोश आला. त्याला मॉन्ट्रियल विद्यापीठात १९६६ साली सुरू झालेल्या लोकसंख्या-इतिहास प्रकल्पाचा आधार होता. हा प्रकल्प वहीतली एकेक नोंद घेतो आणि ती कुठल्या व्यक्तीची हे जुळवून कुटुंबं उभी करतो. जुळवणी माणसांनीच ठरवलेल्या नियमांनी होते, तेव्हा चूक इथेही होऊ शकते. पण नोंदीचं ठिकाण आणि तारीख दिलेली असते, म्हणून शंका आली तर मूळ पान उघडता येतं.

आता याच्या शेजारी ठेवा कुणीही भरलेला ऑनलाइन वंशवृक्ष. दिसायला सुबक, नावं भरपूर, पण ही जोडणी कशावरून केली याचा पत्ता नाही. एकाने चूक केली की बाकीचे ती उतरवून घेतात. मग तेच नाव पन्नास वृक्षांत दिसतं आणि आपल्याला वाटतं, पन्नास साक्षीदार मिळाले. प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो, आणि तोही चुकलेला. म्हणून मी म्हणेन, ज्याच्या चुका माहीत आहेत तो तांगेंचा जुना कोश, चुका तपासूच न देणाऱ्या नव्या झाडापेक्षा जास्त कामाचा.

एका वाक्याने केवढं नुकसान!

१६६३ ते १६७३ या काळात सुमारे ७७० तरुणी राजाच्या खर्चाने लग्नासाठी क्यूबेकला आल्या. त्यांना ‘राजाच्या लेकी’ म्हणतात. १७०३ साली लाओंताँ नावाच्या प्रवाशाने आपल्या पुस्तकात त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. हा गृहस्थ कॅनडात आला १६८३ साली, म्हणजे शेवटची तुकडी येऊन दहा वर्षं झाल्यावर! तरी ती बदनामी पुढे अनेकांनी उचलली. विसाव्या शतकात अभ्यासकांनी या स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या आरोपाला आधार सापडला नाही. संदर्भ तपासणं हा काही नुसता गुणांचा प्रश्न नाही. त्यात कुणाच्या तरी पणजीची अब्रू असते.

वर्गात काय करता येईल?

“एवढ्याशा मुलांना हे कशाला?” असं काही जण म्हणतील. पण पाचवी-सहावीच्या मुलांनाही तीन प्रश्न सहज विचारता येतात:

१. हे लिहिणारा तेव्हा तिथे होता का, की नंतर ऐकून लिहिलं?
२. त्याला हे कुठून कळलं, ते त्याने सांगितलंय का?
३. दुसऱ्या ठिकाणी तेच सापडलं, तर ते स्वतंत्र आहे की पहिल्याचीच नक्कल?

पाच संदर्भांऐवजी दोनच मागा, पण या तीन प्रश्नांची उत्तरं त्याच वहीत लिहायला सांगा. आणि एखाद्या मुलाने “याचा पुरावा मिळाला नाही” असं प्रामाणिकपणे लिहिलं, तर त्याचे गुण कापू नका. पालकहो, घरी वंशवृक्षाचा तक्ता भरताना रिकामी राहिलेली चौकट तुम्हीही अंदाजाने भरून देऊ नका. रिकामी चौकट पुढे कधीतरी कुणी शोधून भरेल. चुकीची भरलेली चौकट मात्र कुणी पुन्हा उघडून बघत नाही.