रात्री खुट्ट झालं की...

कोपरला आम्ही तिघं मिळून एका फ्लॅटमध्ये राहतो. रात्री खुट्ट झालं की आधी चोर आठवतो आणि हात बॅटकडे जातो. परवा त्या बॅटीखाली शेवटच्या लोकलने आलेला रूममेटच सापडणार होता! तेव्हा आधी दिवा लावा, नाव घेऊन हाक मारा.

पण मला खरी भीती चोराची नाहीच. ठाकुर्लीची मातृकृपा इमारत २८ जुलै २०१५ च्या रात्री कोसळली, ९ जण गेले. भिवंडीची जिलानी २१ सप्टेंबर २०२० ला पहाटे, माणसं झोपेत असताना. आमची बिल्डिंगही काही नवी नाही. प्लास्टर पडल्याचा, भिंत तडकल्याचा आवाज आला तर बॅट काय कामाची? सगळ्यांना उठवायचं, लॅपटॉप राहू द्यायचा, जिना उतरायचा. ११२ ला फोन खाली गेल्यावर. उगाच उठवलं म्हणून शिव्या बसल्या तर बसू देत.