यादी कोणी केली?

देशाचा वारसा आगगाडीत भरून गावोगाव फिरवायचा म्हटलं की आपण आधी टाळ्या वाजवतो. १८५७ च्या उठावाला दीडशे वर्षं झाली, आपल्याकडे ‘आझादी एक्सप्रेस’ निघाली, तेव्हाही वाजवल्या. माझी हरकत गाडीला नाही, टाळ्यांच्या घाईला आहे. अशी गाडी फलाटाला लागली की दोन गोष्टी विचाराव्यात. आत काय ठेवायचं ते कोणी ठरवलं? आणि बाहेर रांग कशी लावली?

सप्टेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाहून ‘फ्रीडम ट्रेन’ निघाली. शंभरावर ऐतिहासिक दस्तऐवज घेऊन ती तीनशेहून जास्त शहरांत गेली, पस्तीस लाखांवर लोकांनी पाहिली. गाडी निघाली त्याच महिन्यात कवी लँग्स्टन ह्यूज यांनी कवितेतून खडा सवाल टाकला होता, की या स्वातंत्र्याच्या गाडीतही काळ्यांना वेगळं बसवणार का? दक्षिणेत तेव्हा शाळा, बस, पाण्याचे नळ, सगळंच वेगळं. पण आयोजक संस्थेने जाहीर केलं, रांग एकच लागेल. दक्षिणेतल्या बऱ्याच शहरांनी निमूट ऐकलं. मेम्फिस आणि बर्मिंगहॅमचे कारभारी अडून बसले, तर तिथला मुक्कामच रद्द! वारसा बघायचा तर शेजारी उभं राहून बघा, नाहीतर राहू द्या. याला मी मनापासून शाबास म्हणते.

आता याच संस्थेने यादी कशी केली ते बघा. राष्ट्रीय अभिलेखागारातल्या मंडळींनी सुचवलेल्या पहिल्या यादीत १९३५ चा वॅग्नर कायदा होता, कामगारांच्या संघटनेच्या हक्काचा. तो काढला. संविधानाची चौदावी दुरुस्ती, नागरिकत्वाची आणि कायद्यापुढच्या समानतेची, आणि पंधरावी, वंशावरून मत नाकारायला बंदी करणारी, याही काढल्या. गुलामगिरी संपवणारी तेरावी मात्र ठेवली. म्हणजे बेड्या तोडल्या हे मिरवायचं, पण सुटलेल्या माणसाला मत द्यायला का येऊ देत नाही, ही चौकशी नको.

कोणी म्हणेल, अहो, डब्यात जागा ती किती! जागेचं कारण मला नका सांगू. आपल्या घराण्यांच्या वंशावळी काढतात ना, भिंतभर कागद असतो, सात पिढ्यांचे पणजोबा-खापरपणजोबा मावतात. मुलींच्या नावांपाशी आलं की कागद संपतो.

१९७५-७६ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होत आली, तेव्हा दुसरी गाडी निघाली. ही पहिलीपेक्षा कितीतरी थाटाची, वाफेच्या इंजिनांची. जॉर्ज वॉशिंग्टनची संविधानाची प्रत, चंद्रावरचा दगड, ‘विझर्ड ऑफ ऑझ’ सिनेमातला ज्युडी गारलंडचा झगा, मुष्टियोद्धा जो फ्रेझियरची चड्डी, आणि त्यांच्याच सोबत मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रवचनाचं व्यासपीठ. ज्या बर्मिंगहॅमने एका रांगेला नकार दिला, त्याच गावात १९६३ मध्ये किंग तुरुंगात गेले होते. सत्तर लाखांवर लोक ही गाडी बघून गेले. गर्दी खोळंबू नये म्हणून डब्यांतून सरकता पट्टा बसवला होता. त्या व्यासपीठापुढे एखाद्या बाईला दोन मिनिटं थांबावंसं वाटलं, तरी पट्टा तिला पुढच्या काचेकडे नेणार.