मताची पोच कुणाकडं?



वनहक्काचे दावे भरताना आपण एक गोष्ट ठेच लागून शिकलो. कागद दिला की पोच घ्यायची, सही-शिक्क्यासकट. सुरुवातीला ज्यांनी साहेबाच्या शब्दावर दावे देऊन टाकले, त्यांना वर्षभरानं ऐकावं लागलं, "तुमचा दावा आलाच नाही." आता पाड्यावरची अंगठा लावणारी आजीसुद्धा पोच मागते आणि पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवते.

मग मताचं काय? ते आपण देतो आणि हात झटकून घरी येतो.

मागच्या निकालानंतर आम्ही पाड्यापाड्यांवर फिरलो. सगळीकडं एकच बोलणं. "आम्ही दिलं एकाला, गेलं दुसऱ्यालाच." "मशीन आधीच भरलेलं असतं, मजुरी बुडवून जायचं कशाला?" एका गावात तर दोन पाड्यांचं बोलणं बंद झालं. हे म्हणतात त्यांनी पैसे खाल्ले, ते म्हणतात यांनी खाल्ले. आणि हीच माणसं जमिनीच्या मोर्च्याला एका ट्रकमधून जाणारी! मोजणीवरचा भरवसा उडाला की राग मोजणाऱ्यापर्यंत पोचत नाही, शेजाऱ्यावर निघतो. म्हणून हा प्रश्न फक्त पक्षवाल्यांचा नाही, आपलाही आहे.

मशीन खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही, तसा पुरावा आमच्याकडं नाही. डोळे मिटून विश्वास ठेवा असंही म्हणत नाही. विश्वास मागून मिळत नाही, दाखवून मिळतो. आणि विचारणं हा गुन्हा नव्हे. १९८२ साली केरळात परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर पहिल्यांदा मशीन वापरलं. तेव्हा कायद्यात मशीनचा उल्लेखच नव्हता. भांडण कोर्टात गेलं आणि १९८४ साली सुप्रीम कोर्टानं त्या केंद्रांवर मतपत्रिकेनं फेरमतदान घ्यायला लावलं. कायदा त्यानंतर बदलला. आज बटण दाबल्यावर ७ सेकंद जी चिठ्ठी दिसते, तीही अशीच आली. लोक कोर्टात गेले, आणि मशीनला कागदाची जोड पाहिजे, असं २०१३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं. पण एका विधानसभा क्षेत्रात तीनशेच्या वर केंद्रं असतात आणि चिठ्ठ्या मोजतात फक्त ५ केंद्रांच्या. हे पुरेसं नाही. चिठ्ठ्या जास्त केंद्रांवर मोजा, ही मागणी रास्त आहे आणि ती आपण करत राहू.

पण मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात धरून बसायचं का? जे कायद्यात आजच आहे, ते तरी आपण घेतो का?

मतदान संपलं की केंद्राध्यक्षाला एक नमुना भरावा लागतो. त्याला सतरा-सी म्हणतात. त्या केंद्रावर एकूण किती मतं पडली, मशीनचा नंबर काय, हे त्यात लिहिलेलं असतं. कुणाला किती पडली ते तेव्हा लिहीत नाहीत, म्हणून भ्यायचं कारण नाही. त्याची खरी नक्कल तिथं हजर असलेल्या प्रत्येक एजंटला देणं नियमानं बंधनकारक आहे. मोजणीच्या दिवशी त्याच मशीनमधून तेवढीच मतं निघाली पाहिजेत. एक कमी नाही, एक जास्त नाही. गावाच्या मतांची पोच ती हीच.

ही पोच आपल्या हाती का येत नाही? एजंट आपलीच पोरं असतात. सकाळी मशीनची चाचणी होते, किमान ५० मतं टाकून बघतात आणि मग पुसतात. ती पुसली की नाही हे बघायला आपलं पोरगं वेळेवर पोचलेलं नसतं. संध्याकाळी भूक लागते, गाडी निघालेली असते, ते उठून जातं. नक्कल मिळते ती शेवटपर्यंत बसलेल्यालाच. एका केंद्रावर आपल्या पोरानं मागितली तर "नंतर बघू" म्हणून वाटेला लावलं. त्याला नियम माहीत नव्हता, तो गप्प आला.

मोजणी उजेडात झाली तर काय होतं, ते ओडिशात नियमगिरी डोंगरावर दिसलं. बॉक्साईट खाण पाहिजे की नको, हे ग्रामसभांना विचारा, असं सुप्रीम कोर्टानं २०१३ साली सांगितलं. १२ गावांत सभा झाल्या. जिल्हा न्यायाधीश बसलेले, सगळं गाव समोर. बाराच्या बारा सभा नको म्हणाल्या. कंपनी मोठी होती, पण ठराव खोटा आहे असं म्हणायला जागाच राहिली नाही. २०१४ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं खाणीला नकार दिला.

आता आपलंही बोलू. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद पाहिजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत, असा नियम आहे. पण काही गावांत रजिस्टर घरोघर फिरतं आणि कोऱ्या पानावर अंगठे घेतले जातात. ठराव मागून लिहितात. आपली मोजणी अशी असेल तर सरकारला कुठल्या तोंडानं हिशेब विचारणार?

म्हणून आमचं सांगणं असं :

१. मतदानाआधी ग्रामसभेत एजंट पोरापोरींची नावं विचारून घ्या. पक्ष कुठलाही असो, ती गावाची आहेत. जेवणाचा डबा गावानं पोचवायचा, पण चाचणीपासून सील लागेपर्यंत कुणी उठायचं नाही.

२. सतरा-सीची नक्कल घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. नाही दिली तर तिथंच लेखी तक्रार द्यायची. तिचीही पोच घ्यायची.

३. एकूण मतांचा आकडा रात्रीच समाजमंदिराच्या भिंतीवर लिहायचा. मोजणीच्या दिवशी त्या मशीनचा आकडा विचारून शेजारी लिहायचा.

४. दोन्ही जुळले तर तसंही सगळ्यांना सांगायचं. शेजाऱ्यावरचा तेवढा संशय तरी मिटेल. नाही जुळले, तर लढायला हातात कागद असेल.

पोच घेतल्याशिवाय दावा द्यायचा नाही, ही सवय लागायला आपल्याला काही वर्षं लागली. आता मतालाही तीच सवय लावू. ज्या गावांकडं मागच्या वेळची नक्कल असेल, त्यांनी ती पुढच्या बैठकीला घेऊन यावी.