तीन कुलुपांची पेटी



गेल्या महिन्यात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अक्कांनी मला जरा बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "पगारातले पाचशे रुपये दर महिन्याला तुमच्याकडेच राहू द्या. घरून कोणी विचारलं तर सांगू नका."

मी म्हटलं, "अहो अक्का, बँकेत खातं आहे ना तुमचं?"

"खातं माझं आहे. फोन मुलाचा आहे."

मी पोटापाण्यासाठी पेमेंटची सॉफ्टवेअर लिहितो. ओटीपी, केवायसी हे शब्द दिवसातून पन्नासदा तोंडात येतात. पण खातं बाईच्या नावावर, नंबर मुलाचा, म्हणजे प्रत्येक रुपयाची बातमी आधी मुलाला, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या लेखी तो व्यवहार 'सक्सेसफुल'!

त्याच आठवड्यात, मी दरमहा थोडे पैसे पाठवतो त्या एका परदेशी संस्थेचा मेल आला होता. बायकांच्या घोळक्यात एक लोखंडी पेटी, तिला तीन कुलुपं. एरवी असे मेल मी न वाचताच पुढे ढकलतो. या वेळी अक्कांमुळे थांबलो आणि त्या पेटीची गोष्ट शोधून काढली.

ती सुरू होते आफ्रिकेतल्या नायजर देशात, मारादी भागात. साल १९९१. तिथे 'केअर' ही संस्था काम करत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना अन्नाची खोकी पाठवण्यासाठी १९४५ साली अमेरिकेत निघालेली ही संस्था. मारादीत तिने खोकी वाटली नाहीत, आणि कर्जही वाटलं नाही. तिथल्या बायका आधीपासून आपापसांत पैसे गोळा करून आळीपाळीने उचलत असत. हाउसा भाषेत त्याला 'अदाशी' म्हणतात. आपण भिशी म्हणतो, आणि आमच्या हैदराबादेत चिठ्ठी. मोइरा एक्नेस या नॉर्वेजियन कार्यकर्तीने त्याच रिवाजाला थोडी शिस्त लावली. गटांचं नाव पडलं 'माता मासू दुबारा'. बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून हिशेब सगळ्यांनी मिळून तोंडपाठ ठेवायचा, अशी पद्धत होती.

पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली आणि बदलत गेली. आज साधारण असं चालतं: पंधरा ते तीस जणींचा गट. ठरल्या दिवशी बैठक. प्रत्येकीने ऐपतीप्रमाणे बचत टाकायची. त्याच पैशातून गरज असेल तिला कर्ज, व्याज गटानेच ठरवलेलं. आजारपणासाठी किंवा मयतीसाठी वेगळा छोटा निधी. वर्षाच्या शेवटी पेटी रिकामी करून बचत आणि व्याज सगळ्यांत वाटून टाकायचं, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पेटी एकीच्या घरी, आणि तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे. सगळ्यांसमोर बैठकीतच ती उघडायची. नवरा कितीही ओरडला तरी बाई म्हणू शकते, "माझ्या हातात नाही हो, किल्ली तिच्याकडे आहे."

बाहेरचा पैसा त्यात शून्य. संस्था शिकवते आणि बाजूला होते. व्याज जातं ते त्याच बायकांच्या पदरात.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बचत गट आहेतच की. आहेत. नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांना जोडून सुरुवात केली, आणि तो पसारा आज केवढा झालाय ते आपण पाहतोच. पण "बाईच्या हातात पैसा द्या, गरिबी हटेल" या वाक्याची दुसरी बाजू आम्हा हैदराबादकरांनी फार जवळून पाहिली आहे. मायक्रोफायनान्स कंपन्यांनी बायकांचे गट करून भराभर कर्जं दिली. एकेका घरात तीन-तीन कंपन्यांचे हप्ते. कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या यायला लागल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारला वटहुकूम काढून या धंद्याला लगाम घालावा लागला.

अक्का त्यातल्याच एक. कर्ज त्यांच्या नावावर, पैसे गेले नवऱ्याच्या रिक्षाला. रिक्षा विकली गेली, हप्ते राहिले. वसुलीवाला दारात बसला की गटातल्या बाकीच्या बायकाही येऊन बसायच्या, कारण एकीने चुकवलं तर भुर्दंड सगळ्यांना. "शेजारणी होत्या माझ्या," अक्का एवढंच म्हणतात.

याच शहरात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास केला. १०४ वस्त्या घेतल्या, त्यातल्या ५२ चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून तिथे एका कर्ज कंपनीच्या शाखा उघडल्या गेल्या. दीडेक वर्षाने पाहिलं तर ज्यांचा धंदा आधीच होता त्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले होते. पण घरातल्या बाईच्या शब्दाला वजन आलं का, आरोग्य सुधारलं का, मुलांचं शिक्षण वाढलं का, याचं उत्तर 'फारसं नाही' असंच आलं.

मग पेटीने तरी गरिबी हटली का? घाना, मलावी आणि युगांडात याच बचत गटांची अशीच तपासणी झाली, निष्कर्ष २०१७ साली आले. घरचा धंदा सुधारला, बायकांच्या मताला किंमत आली. पण घरचा एकूण खर्च, म्हणजे खाणंपिणं-राहणीमान, सरासरीने वाढल्याचं दिसलं नाही. जाहिरातीत हे वाक्य येत नाही. मला मात्र ते वाचून त्या पेटीबद्दल जास्त विश्वास वाटला. पेटी चमत्कार करत नाही. पैसा कोणाचा आणि कोणाला विचारून खर्च व्हायचा, एवढं ती ठरवते. अक्कांनाही माझ्याकडून तेवढंच हवं होतं.

माझी आजी काचीगुड्यात बारा जणींची भिशी चालवायची. स्टीलच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या, महिन्याच्या पहिल्या रविवारी पोहे. बाबांची कॉलेजची पहिली फी त्या डब्यातून गेली, हे आजोबांना नंतर कळलं. आम्ही हा किस्सा हसत सांगतो. आजीला लपवावं का लागलं, हे विचारायचं राहून गेलं.

अक्कांचे पाचशे रुपये मी पहिला महिना ठेवले, पण मन खात होतं. म्हणजे पेटी मी, आणि एकुलती एक किल्लीही माझ्याचकडे! उद्या माझी बदली झाली तर? शेवटी बायको त्यांच्याबरोबर गेली. आधी त्यांच्या नावावर सिमकार्ड, बटणांचा साधा फोन, मग बँकेत नंबर बदलायचा अर्ज. तीन खेपा झाल्या. एकदा सही जुळेना, एकदा मशीनवर बोटाचे ठसे उमटेनात. भांडी घासून झिजलेली बोटं! चौथ्या दिवशी मेसेज आला. अक्कांना तेलुगू अक्षरं जेमतेम येतात, पण आकडे पक्के. त्यांनी शिल्लक मोठ्याने वाचली आणि फोन पदराच्या गाठीत बांधून टाकला. मुलगा चार दिवस बोलला नाही म्हणे. आता बोलतोय.

त्या रात्री सहज म्हणून आईच्या खात्याचे तपशील उघडून पाहिले. जोडलेला नंबर माझा होता. मीच दिला होता, 'सोयीसाठी'. आई गेली आठ वर्षं व्हॉट्सअॅप वापरते, आम्हाला गुड मॉर्निंग पाठवते.

शनिवारी आईला घेऊन बँकेत जातोय. तुम्हीही आज घरी एकदा विचारून बघा: आई, आजी, मावशी, काकू, कोणाच्या खात्याला नंबर कोणाचा आहे? काय निघालं ते नक्की कळवा.

पुढच्या महिन्यात भेटूच!