फाशीचे खटले आणि कायद्याचे शिक्षण

पुण्यात १९९४ साली झालेल्या सात जणांच्या हत्येच्या खटल्याचे स्मरण आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस असेल. त्यातील एका आरोपीस १९९८ साली फाशीची शिक्षा झाली, वरिष्ठ न्यायालयांनी ती कायम केली, आणि तो मनुष्य फाशीच्या छायेत वर्षे मोजीत राहिला. अखेर मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास मुक्त केले. कारण काय? तर गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय अवघे साडेबारा वर्षांचे होते! राजस्थानातील ज्या शाळेत तो शिकला, तेथील नोंदवहीत त्याची जन्मतारीख लिहिलेली होती. खटल्याच्या कागदांत तर त्याचे नावसुद्धा निराळेच पडले होते. अल्पवयीन गुन्हेगारास कायद्याने फार तर तीन वर्षे अडकवून ठेवता येते. हा मनुष्य अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता.

या प्रकरणी न्यायाधीशांस, पोलिसांस वा त्या वेळच्या वकिलांस दूषणे देणे सोपे आहे. आम्हांस पडणारा प्रश्न वेगळा आहे. आरोपीच्या गावी जाऊन शाळेची नोंदवही उघडून पाहावी, हे वकील होऊ इच्छिणाऱ्या तरुणास आपल्याकडे शिकवितो कोण?

आमच्या विधि महाविद्यालयांत बचनसिंग खटल्याचा १९८० चा निवाडा शिकवितात. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हे शब्द विद्यार्थी पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि गुण मिळवितात. परंतु त्या निवाड्याने गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करावयास सांगितले आहे, आणि त्या विचारासाठी लागणारा मजकूर न्यायाधीशांपुढे आपोआप येऊन पडत नाही, ही गोष्ट वर्गात राहून जाते. १९८३ च्या मच्छीसिंग खटल्यात तर न्यायालयाने चक्क ताळेबंदाचीच भाषा वापरली आहे: शिक्षा वाढविणाऱ्या गोष्टी एका बाजूस व ती सौम्य करणाऱ्या दुसऱ्या बाजूस मांडाव्या. आमचे व्यापारी वाचक हे तत्काळ समजतील. नावेची बाजू मुनीमजींनी रोजच्या रोज भरली आणि जमेची बाजू कोरी ठेवली, तर असला ताळेबंद कोणता पेढीवाला मान्य करील? फाशीच्या खटल्यांत मात्र असे घडत आले आहे. सरकार पक्षाच्या दिमतीला पोलीस, पंचनामे, वैद्यकीय अहवाल हे सर्व असते. आरोपीच्या बाजूने उभा राहिलेला वकील ‘आरोपी तरुण आहे, गरीब आहे, घरी वृद्ध आई आहे’ एवढे तीन वाक्यांत सांगून खाली बसतो.

शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे आणि फाशी द्यावयाची तर विशेष कारणे नोंदवावी, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही तो नियम कायम ठेवला आहे. पुढे मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचे बालपण, कुटुंब, शिक्षण, मानसिक प्रकृती व तुरुंगातील वर्तन यांची माहिती खालच्या न्यायालयातच गोळा झाली पाहिजे, असे बजाविले. आज्ञा उत्तम आहे. पण ही माहिती आणणार कोण?

हे काम विद्यार्थ्यांस झेपणारे नाही, असे म्हणणाऱ्यांनी दिल्लीकडे पाहावे. तेथील राष्ट्रीय विधि विद्यापीठाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यासाठी ३७३ कैद्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या. देशभरच्या तुरुंगांत व कैद्यांच्या घरी जाण्याचे पुष्कळसे श्रम विद्यार्थ्यांचेच होते. या कैद्यांपैकी जवळजवळ तीनचतुर्थांश आर्थिक दृष्ट्या दुर्बल असल्याचे त्यातूनच देशास कळले.

आमचे तर असे मत आहे की, या कामी जिल्ह्याच्या गावचा विद्यार्थी मोठ्या विद्यापीठातील विद्यार्थ्यापेक्षा कांकणभर सरसच ठरेल. शाळेचा दाखला, सातबाराचा उतारा हे सर्व बहुधा मराठीत असते. आणि आरोपीची आई जे सांगते ते इंग्रजीत सांगत नाही.

कोणी विचारील, ज्यांच्या घरचे माणूस मारले गेले त्यांचे काय? प्रश्न योग्य आहे, व त्याचा अनादर करणारा विद्यार्थी या कामास नालायक समजावा. परंतु भलत्याच मनुष्यास फाशी दिल्याने त्यांच्या दुःखाचे कोणते परिमार्जन होते? नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका प्रकरणात सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ठरविली, आणि त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये त्या सहाही जणांस निर्दोष सोडले. फाशी असावी की नसावी, हा वाद येथे नाही. मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेल्या डॉ. आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत ती शिक्षाच रद्द करण्याकडे आपला कौल दिला होता. ज्यांस तो मान्य नाही, त्यांनाही चौकशी पुरी झालेली हवीच असणार.

विधि शिक्षणात प्रात्यक्षिकाचे विषय आजही सक्तीचे आहेत. नवा विषय काढण्याची गरज नाही. पुण्यास येरवडा आहे, नागपुरास तेथील मध्यवर्ती कारागृह आहे. फाशीचे कैदी या दोन्ही ठिकाणी ठेवले जातात आणि दोन्ही शहरांत विधि महाविद्यालये आहेत. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाने प्रत्येक अशा खटल्यात नेमलेल्या वकिलाच्या हाताखाली दोन विद्यार्थी द्यावे. त्यांनी कैद्याचे गुपित राखावे, कोणासही सुटकेचे आश्वासन देऊ नये, आणि केलेल्या प्रत्येक भेटीची टिपणे वकिलाच्या स्वाधीन करावी. प्रवासखर्चाचा प्रश्न येईल. एस. टी.चे भाडे आणि दोन दिवसांचे जेवण एवढाच तो खर्च आहे, आणि आमच्या बाजारपेठेतील एखाद्या व्यापारी मंडळाने तो उचलावयाचे मनात आणले, तर या वर्षीच्या विद्यार्थ्यांपासून आरंभ करता येईल.